काजळकाकांची पांढरी बॅच

काजळकाकांना रंगावरून चिडवतात असं नव्या माणसाला वाटायचं, पण तसं काही नव्हतं. रंगाने ते चांगले गोरे होते, फक्त ते सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी कळायचं. एरवी चौतीस वर्षं रबराच्या कारखान्यात, तेही मिक्सिंग खात्यात काढलेल्या माणसाचा मूळ रंग ज्याचा त्यालाच ठाऊक. रबराला बळकटी यावी म्हणून त्यात काळी पूड घालतात, काजळाहून बारीक. ती नखांत जाते, कानांत जाते, आणि साबणाची अर्धी वडी संपवली तरी पापण्यांच्या मुळाशी एक रेघ ठेवूनच जाते. त्यामुळे साठीला टेकलेला, मिशा पिकलेला हा माणूस रोज डोळ्यांत काजळ घालून घरी यायचा. नाव पडायला आणखी काय लागतं?

त्यांचं काम सांगायला सोपं होतं. समोरासमोर फिरणारे दोन जाडजूड लोखंडी रोलर. त्यांच्या फटीत रबर घालायचं, ते मऊ होऊन रोलरला पट्ट्यासारखं गुंडाळलं गेलं की त्यावर पूड टाकायची, सुरीने पट्टा कापायचा, दुमडायचा, पुन्हा फटीत घालायचा. पीठ मळणाऱ्या कुणालाही वाटेल, यात काय मोठंसं. पण पुडीची गोम अशी की तिचे कण सुटे राहत नाहीत. एकमेकांना घट्ट धरून गुठळ्या करतात. ती गुठळी फोडून कण न् कण रबरात पसरला तर वस्तू टिकते. एक गुठळी जरी आत राहिली, तरी वस्तू तिथूनच फाटणार.

कारखान्याच्या वहीत ‘मिश्रण कसे झाले’ असा रकाना होता. बाकीचे त्यात ‘ठीक’ लिहून मोकळे व्हायचे. काकांचे शब्द तीन. पूड रबरात शिरतच नसेल तर ‘रुसलं’. शिरली, पण अजून परक्यासारखी आहे, तर ‘बोलतंय’. आणि सगळं मनासारखं जुळून आलं की ‘नांदलं’. हा तिसरा शब्द ते फार जपून वापरायचे. महिन्यातून दहाबारा वेळा, त्याहून जास्त नाही.

दोन वर्षांपूर्वी लॅबमध्ये एक तरुण रसायनवाल्या बाई आल्या. सगळे त्यांना लॅबताई म्हणू लागले. त्यांनी पहिल्याच आठवड्यात ती वही उघडली आणि तडक मिक्सिंग खात्यात आल्या.

“काका, हे ‘रुसलं’ म्हणजे किती टक्के?”

“टक्के मला येत नाहीत ताई. पूड रबराकडे पाठ करून बसलीय, एवढं कळतं.”

“ते तुम्हाला कसं दिसतं?”

“दिसत नाही. कापलेल्या कडेवरून अंगठा फिरवला की लागतं. आणि ऐकू येतं. नांदलेलं रबर रोलरवर फटफट बोलतं, रुसलेलं नुसतं सरकतं.”

लॅबताई एक तुकडा घेऊन गेल्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली घातला. आत गुठळ्यांचा बाजार भरलेला. दुसऱ्या दिवशी आणखी एक तुकडा नेला, मग आणखी एक. असे दहाएक तुकडे झाल्यावर त्यांनी टक्के विचारणं सोडून दिलं आणि काकांना चहा पाजला. काकांच्या मनात त्यांनी कायमचं घर केलं ते त्या चहापासून.

आता काकूंबद्दल सांगायला हवं, कारण ही गोष्ट खरं तर त्यांचीच आहे.

काकूंना जगात दोन गोष्टींचा अभिमान होता: लेकीचं शिक्षण आणि घरची फरशी. लेक शिकून लांब गेली, फरशी राहिली. पांढरट, गुळगुळीत, रोज गुडघ्यांवर बसून पुसलेली. काकांनी घरात पाऊल टाकलं की पायपुसण्यावरून थेट मोरीत जायचं, वाटेत कशाला हात लावायचा नाही, हा तीस वर्षांचा कायदा. “बाहेर काय उजेड पाडायचा तो पाडा, घरात काळं आणू नका,” असं त्या म्हणायच्या आणि काका मुकाट ऐकायचे. त्यांना ते बोलणं आवडायचं, हे त्यांनी कधी कबूल केलं नाही.

एक दिवस काकू स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत येताना घसरल्या. वेळ सकाळी साडेअकराची. काकांची पाळी दोनला सुटायची, पण त्या दिवशी एक बॅच मनासारखी होईना म्हणून ते थांबले. साडेतीनला घरी आले तेव्हा काकू तिथेच पडलेल्या होत्या. चार तास. शुद्धीत होत्या, रडत नव्हत्या. त्यांनी एवढंच म्हटलं, “हात धुऊन या आधी.” काका हात न धुताच खाली बसले.

खुब्याचं हाड मोडलं होतं. शस्त्रक्रिया झाली, स्क्रू बसले, टाके सुकले. दवाखान्यातून व्यायाम शिकवायला एक बाई येऊ लागल्या, हसऱ्या पण खमक्या. त्यांनी काकांना दाराशी नेऊन स्पष्ट सांगितलं, “सहा आठवड्यांत या चालत्या झाल्या पाहिजेत. नाहीतर पाय अंथरुणाला सोकावतात, मग कुणाचं ऐकत नाहीत.”

चार पायांचा वॉकर आला. त्याच्या प्रत्येक पायाला काळा रबरी बूट. पहिल्या दिवशी काकू त्याला धरून चार पावलं चालल्या, आणि फरशीवर चार काळ्या रेघा उठल्या. काकूंनी त्या रेघांकडे पाहिलं, मागे सरकल्या आणि पलंगावर बसल्या.

“हे काळं माझ्या फरशीवर चालणार नाही.”

“अगं, मी पुसेन ना.”

“तुम्ही? तुम्ही पुसलं की फरशी आधी होती तीच बरी असं वाटतं.”

काकांनी बुटांवर मोजे चढवून पाहिले, वॉकर घसरू लागला. बाजारातून पांढरे बूट आणले, ते प्लॅस्टिकसारखे टणक, गुळगुळीत फरशीवर पकडच घेईनात. व्यायामवाल्या बाईंनी समजावलं, लेकीने फोनवर विनवलं, रागावली, पुन्हा विनवलं. काकू पलंगावरून हलेनात. म्हणायच्या, काळ्याचं काहीतरी करा, मग बघू. अशात दोन आठवडे गेले. काकू हट्टी आहेत हे काकांना माहीत होतं, पण चालायचं सोडून देण्याइतक्या? रबर म्हटलं की सगळं गाव आपल्याकडे बोट दाखवतं, आणि आपल्याच बायकोसाठी चार पांढरे बूट नाहीत, हे त्यांना फार लागलं.

ते लॅबताईंकडे गेले. काळ्याऐवजी पांढरी पूड घालायची, मऊ, पकड घेणारं आणि रेघ न ओढणारं रबर करायचं. मालकांनी जेवणाच्या सुट्टीत लहान मिक्सर वापरायची परवानगी दिली, वर म्हणाले, “काजळकाका आणि पांढरं? बघायला मीही येतो.”

पहिली बॅच काकांनी आपल्या नेहमीच्या वाटेने केली. क्रम ठरलेला: रबर, मग झिंकची भुकटी, मग पूड, मग तेल, आणि रबर पक्कं करणारं गंधक सगळ्यात शेवटी. फक्त काळ्या पुडीच्या जागी पांढरी. ती पूड रबरात जायच्या आधी हवेत गेली. काका डोक्यापासून पायापर्यंत पांढरे झाले आणि सगळं खातं पोट धरून हसलं. तेही हसले, पण पट्टा पाहून हसू मावळलं. पाणी कमी पडलेल्या कणकेसारखा तो कडांना भेगाळत होता. साच्यात घालून बूट केले, एक अंगठ्याने वाकवला तर तडकला. कापून बघितला तर आत पांढरे ठिपके. वहीत लिहिलं: ‘रुसलं. फार.’

“ही पूड काळीपेक्षा वेगळी आहे काका,” लॅबताई म्हणाल्या. “काळी रबराशी पटवून घेते. हिच्या अंगावर मात्र ओल असते, डोळ्यांना न दिसणारी. रबराची जात तेलकट. ओलीचं आणि तेलाचं कधी पटलंय? मग हे कण एकमेकांनाच धरून बसतात.”

“म्हणजे माहेरच्या माणसांत रमलीय.”

“अगदी. तुम्ही कितीही मळा, जोर लावून गुठळी फुटेल, पण कणाचं अंग तेच राहील. संधी मिळाली की पुन्हा एकत्र.”

“मग उपाय?”

लॅबताईंनी पिवळसर द्रवाची एक बाटली काढली. सायलेन. त्याच्या कणाला दोन टोकं असतात, एक पुडीच्या अंगाला धरतं, दुसरं रबराला. काकांनी बाटली उजेडात धरून पाहिली.

“असं सांगा ना. मध्यस्थ आहे.”

दुसरी बॅच मध्यस्थाला घेऊन केली, बंद मिक्सरमध्ये, चांगली तापवून. पूड शहाण्यासारखी आत गेली. पट्टा गुळगुळीत निघाला. लॅबताईंनी तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली घातला आणि खुशीत ओरडल्याच, दहापैकी नऊ, इतकं चांगलं त्यांनी या कारखान्यात पाहिलं नव्हतं. काकांनी कडेवरून अंगठा फिरवला. काहीच लागलं नाही. तरी त्यांनी वहीत ‘बोलतंय’ एवढंच लिहिलं.

“काका, कंजूषपणाची हद्द झाली. एक तरी गुठळी दाखवा.”

“गुठळी नाही. पण फटफट नाही झाली ताई. मिसळलंय. नांदलंय असं वाटत नाही.”

पुढे दोन दिवस कारखाना बंद होता. उघडल्यावर काकांनी पट्ट्याला हात लावला, आणि तो उचलण्याआधीच त्यांना कळलं. मऊ पट्टा ताठ झाला होता, वाकवला की कुरकुरत होता. कण दोन दिवसांत गुपचूप पुन्हा एकत्र आले होते. त्याचा बूट करून दगडावर घासला, तर पिठासारखा झडला.

लॅबताई कागद घेऊन बसल्या. तापमान बरोबर. वजनं बरोबर. मध्यस्थ पुरेसा. मग त्यांनी पेन थांबवलं.

“झिंक कधी टाकलंत?”

“नेहमीसारखं. रबरानंतर लगेच.” हे बोलता बोलता काकांनी भिंतीवर चिकटवलेला कागद पाहिला. लॅबताईंच्या अक्षरात तिसऱ्या ओळीत लिहिलं होतं: झिंक आधी नाही, गार झाल्यावर. काकांनी तो कागद स्वतः चिकटवला होता. वाचलाही होता. आणि तरी चौतीस वर्षांच्या हाताने डोक्याला न विचारता झिंकचं माप आधी ओतलं होतं.

“त्याने काय झालं?”

“झिंकलाही पुडीचं अंग आवडतं. ते आधी जाऊन बसलं. मध्यस्थ आला तेव्हा बसायला जागाच नव्हती.”

काका उठले. खात्याच्या मागे नळ होता, तिथे जाऊन त्यांनी हात धुतले, पुन्हा धुतले. क्रम चुकला म्हणून त्यांनी आजवर कितीजणांना झापलं होतं. त्या दिवशी त्यांना खरंच म्हातारं झाल्यासारखं वाटलं. आणि मनात दुसरंच घोळत होतं. चौथा आठवडा संपत आला होता. काकूंची पोटरी त्यांच्या मनगटाएवढी दिसू लागली होती. आदल्या दिवशी व्यायामवाल्या बाई पहिल्यांदाच न हसता गेल्या होत्या.

तिसऱ्या खेपेला त्यांनी झिंकचा डबा लॅबताईंच्या हातात दिला.

“हा घेऊन लांब उभी राहा पोरी. माझा हात माझं ऐकत नाही.”

आजवर ‘ताई’ म्हणणारा माणूस पोरी म्हणाला, हे दोघांच्याही लक्षात आलं नाही. रबर गेलं. पूड थोडी थोडी करून गेली, मध्यस्थ गेला. मिक्सर तापत गेला. काका झाकणाशी नाक लावून उभे होते. लॅबताईंनी सांगितलं होतं, मध्यस्थ पुडीला खरंच धरू लागला की स्पिरिटसारखा वास सुटतो, इंजेक्शनच्या आधी दंडाला चोळतात त्याच्यासारखा. मागच्या वेळी तो वास जेमतेम आला होता. या वेळी असा आला की काका मागे सरकले. आणखी चार मिनिटं तसंच तापू दिलं. बाहेर काढून गार केलं, आणि मग काका वळून म्हणाले, “आण आता झिंक.”

घाई करायला मन सांगत होतं, पण त्यांनी एक दिवस थांबायचं ठरवलं. मागच्या वेळी कान फसला नव्हता, अंगठ्याने आणि लॅबच्या नऊ या आकड्याने मात्र फसवलं होतं. आता परीक्षा वेळेची. दुसऱ्या दिवशी पट्टा ताईंनी उचलला, काकांची छाती होईना. पट्टा मऊ होता. रोलरवर चढवला, गंधक घालून दुमडत गेले, आणि पाचव्या घडीला रबर फटफट बोलायला लागलं. खातं एकदम शांत झालं. बाकीच्यांनी आपले रोलर बंद केले होते, हे काकांना नंतर कळलं.

काकांनी वहीत ‘नांदलं’ लिहिलं. लॅबताईंनी पेन घेतलं आणि शेजारच्या रकान्यात, जिथे टक्के लिहायचे तिथे, आपणही ‘नांदलं’ लिहून सही केली. वर तपासणीला ते कुणी पाहिलं असतं तर काय म्हणालं असतं, देव जाणे.

दुपारी काका घरी आले, मोरीत गेले, आंघोळ केली आणि मग पिशवीतून चार बूट काढले. दुधी रंगाचे, किंचित पारदर्शक. साबणाचं पाणी लावून वॉकरच्या पायांवर चढवले. एक बूट फरशीवर दाबून ओढला, जोराने, तीनचार वेळा. फरशीवर काही उठलं नाही. वॉकर त्यांनी पलंगापाशी आणून ठेवला आणि शेजारी उभे राहिले.

काकूंनी बुटाला नख लावून पाहिलं.

“छान झालेत.”

“मग उठतेस?”

काकूंनी वॉकरचा दांडा धरला आणि सोडला. मग त्या रडायला लागल्या. पडल्या त्या दिवशी रडल्या नव्हत्या, दवाखान्यात रडल्या नव्हत्या.

“अहो, डागांचं निमित्त होतं.”

काकांना कळलं नाही.

“मला भीती वाटते. त्या फरशीवर मी चार तास पडून होते. दाराकडे बघत. तुम्ही येणार, आता येणार. तेव्हापासून पाय खाली टेकला की तेच चार तास आठवतात. पण भीती वाटते म्हणायचं तर लाज वाटली. मी म्हटलं काळं नको, तर तुम्ही खरंच पांढरं करायला लागलात. मला वाटलं, बरं झालं, तेवढे दिवस कुणी ऊठ म्हणणार नाही.”

काका पलंगाच्या कडेला बसले. रागवावं असं त्यांच्या मनात येऊन गेलं, खोटं कशाला बोला. एवढी यातायात, ती मान खाली घालायची वेळ, आणि गोष्ट बुटांची नव्हतीच. पण त्या चार तासांपैकी शेवटचे दीड तास कुणाचे होते हेही त्यांना ठाऊक होतं. राग आला तसा गेला.

“मी त्या दिवशी एका बॅचसाठी थांबलो होतो.”

“ठाऊक आहे.”

“तुला कुणी सांगितलं?”

“चौतीस वर्षांत तुम्ही दुसऱ्या कशासाठी थांबलायत?” काकूंनी पदराने नाक पुसलं. “हे किती वेळा केलंत?”

“तीन वेळा. दुसऱ्या वेळी माझी चूक झाली. झिंक आधी टाकलं.”

झिंक म्हणजे काय हे काकूंना ठाऊक नव्हतं, पण नवऱ्याने कामातली चूक कबूल केलेली त्यांनी आजवर ऐकली नव्हती. त्यांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. पापण्यांच्या मुळाशी पांढरी पूड होती.

“धरू नका मला,” त्या म्हणाल्या. “नुसते मागे या.”

त्या उठल्या. पहिलं पाऊल टाकायला इतका वेळ लागला की काकांचे हात हवेतच अवघडले. मग दुसरं. वॉकर फरशी घट्ट धरत होता. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी, जिथे त्या पडल्या होत्या, तिथे त्या थांबल्या. काकाही मागे थांबले. काकू ती जागा ओलांडून पुढे गेल्या, ओट्याला हात लावला आणि म्हणाल्या, “दमले. पण खुर्ची आणू नका, परत जाते.”

पुढचे आठ दिवस काका रजेवर होते. नवव्या दिवशी कामावर निघाले. काकू पडल्यापासून ते बाहेर जाताना दार नुसतं ओढून घ्यायचे, हाक मारली तर शेजारणीला आत येता यावं म्हणून. तसंच ओढून घ्यायला त्यांनी हात पुढे केला, तर पलंगावरून काकू म्हणाल्या, “आजपासून आतून कडी मी लावणार. निघा तुम्ही.”

काका बाहेर आले, दार ओढलं आणि पायरीवर उभे राहिले. आत काही हालचाल नव्हती. मग वॉकर टेकल्याचा आवाज आला. एक. थोड्या वेळाने दुसरा. मधेच आवाज थांबला, आणि काकांचा हात आपोआप दारावर गेला. दार ढकलायचं नाही, ढकलायचं नाही, असं ते स्वतःला सांगत राहिले. रस्त्याने जाणारी माणसं वळून बघत होती, कारखान्याचा पहिला भोंगा झाला होता. मग पुन्हा एक पाऊल वाजलं, अगदी दाराजवळ, आणि कडी सरकली.

“गेलात का?” आतून काकूंनी विचारलं.

“कधीच गेलो,” काका म्हणाले.